दाजींचा फ्लॅट विकणे आहे

फ्लॅट विकण्याचा आमच्या दाजींइतका दांडगा अनुभव अख्ख्या नवी मुंबईत कुणाच्या गाठीला नसेल. नऊ वर्षं ते विकत होते, आणि तोही एकच. दाजी म्हणजे माझे साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको साताऱ्याची, तिकडे बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणतात, म्हणून मीही दाजीच म्हणतो. तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत त्यांनी तीस वर्षं स्टोअर सांभाळला. मागायला आलेल्या माणसाला हात हलवत परत पाठवण्यात त्यांची ख्याती. साधा नटबोल्ट मागितला तरी म्हणायचे, "आजच कशाला पाहिजे? पुढच्या आठवड्यात ये." रिटायर झाल्यावर त्यांच्या ताब्यात एवढाच माल उरला, कामोठ्यातला चौथ्या मजल्यावरचा, बिनलिफ्टच्या इमारतीतला फ्लॅट. तो काय असा कुणी मागितला म्हणून द्यायचा असतो होय?

खरं तर विकायचं कारण शेंबड्या पोरालाही कळेल इतकं सरळ होतं. ताईंचे, म्हणजे माझ्या मेहुणीचे, गुडघे कामातून गेले होते. साताऱ्यात लेकीच्याच गल्लीत तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं घर मिळत होतं, पुढे अंगण, अंगणाला फाटक. इथलं विकायचं आणि तिथलं घ्यायचं, संपला विषय. पण दाजी म्हणायचे, "मार्केट पडलंय. पडत्या मार्केटमध्ये विकतो तो गाढव." मधे सहा महिने भाव जरा वर आले, तर म्हणाले, "आत्ता कुठं चढायला लागलंय. चढत्या मार्केटमध्ये विकतो तो महागाढव." एकूण काय, सगळं जग गाढवांनी भरलेलं आणि शहाणा माणूस एकटा, चौथ्या मजल्यावर. विमानतळ होणार होणार म्हणून त्यांनी बरीच वर्षं काढली. शेवटी ते झालं, डोक्यावरून विमानं जायला लागली, तर म्हणतात, "आता आवाजापायी भाव पडणार बघ."

मार्केटचा त्यांचा अभ्यास मात्र स्वतःचा होता. वर्तमानपत्रातले आकडे बिल्डर लोक छापून आणतात, असं त्यांचं ठाम मत. ते रोज सकाळी गच्चीवर जाऊन समोरच्या टॉवरमधले वाळत घातलेले कपडे मोजायचे. दुपटी दिसली की वहीत लिहायचे, "कुटुंब. हलणार नाही." बाल्कनीत नुसता एक टॉवेल दिसला की, "भाडेकरू. मंदी." दोरी रिकामी असली की चेहरा काळजीनं काळवंडायचा. एकदा समोरच्या एका बाईंनी तक्रार केली की हा म्हातारा रोज आमच्या दोरीकडे बघत वहीत काहीतरी लिहितो. झालं! त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी तावातावानं जाब विचारायला वर गेले आणि तासाभरानं खाली आले ते स्वतःचा फ्लॅट एवढ्यात विकायचा नाही असं ठरवूनच. बाईंची तक्रार राहिली बाजूलाच.

तयारी म्हणाल तर जय्यत. "मार्केट उठलं की दोन दिवसांत निघता आलं पाहिजे," म्हणून त्यांनी पहिल्याच वर्षी अर्धं घर खोक्यांत भरून टाकलं. प्रत्येक खोक्यावर स्टोअरच्या वळणदार अक्षरात 'सातारा – स्वयंपाक – ३' असं काहीबाही. मार्केट उठलं नाही आणि खोकीही उठली नाहीत. नऊ वर्षं मी त्या घरात चहा स्टीलच्या वाटीतून प्यालो, कारण कप 'स्वयंपाक – २' मध्ये होते. नातवाच्या बारशाला ताई साध्या साडीत गेल्या. पैठणी ज्या खोक्यात होती ते सगळ्यात तळाला होतं आणि दाजी म्हणाले, "एक हलवलं की सगळा स्टॉक बिघडतो."

गिऱ्हाईक यायचं असलं की मुलगी दाखवायचा कार्यक्रम असल्यासारखी धावपळ. ताई भिंतीला टेकून पोहे करायच्या, दाजी इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे. फरक एवढाच की इथं परीक्षा पाहुण्यांची. मूळ गाव कुठलं? नोकरी पर्मनंट आहे का? रात्री टीव्ही मोठ्यानं लावता का? एकाला चपला घालून आत आला म्हणून काढला. दुसरा घासाघीस करायला लागला म्हणून काढला. तिसऱ्यानं घासाघीस न करता होकार दिला, तर त्याचा जास्तच संशय. "एवढ्या सहज हो म्हणतोय? याला आतली काहीतरी खबर आहे. भाव वाढणार!" कामोठ्यातल्या एजंटांना भूक लागली की ते गिऱ्हाईक घेऊन दाजींकडे जातात, असं मी म्हणायचो. दाजींना त्यात विनोद दिसायचा नाही.

पण ताईंसाठी त्यांनी काहीच केलं नाही असं म्हणून पाप पदरी घेणार नाही. जिन्याच्या प्रत्येक वळणावर त्यांनी प्लास्टिकची एकेक खुर्ची मांडली होती. ताई खाली निघाल्या की हे पुढे, एका हातात ताईंची पर्स, दुसऱ्यात पाण्याची बाटली. ताई खुर्चीत बसायच्या, हे शेजारी उभे राहायचे, आणि तिथंही मार्केटवर प्रवचन चालू. खाली पोचायला अर्धा तास, वर यायला विचारू नका. मग ताईंनी खाली उतरणंच सोडलं. भाजी टोपलीतून दोरीनं वर यायला लागली. संक्रांतीचं हळदीकुंकू बायका वर येऊन द्यायला लागल्या.

एक दिवस माझं डोकं फिरलं. "दाजी, मार्केट उठेल तेव्हा उठेल, पण ताई उठायच्या थांबल्या म्हणजे?" माझा आवाज जरा चढलाच होता. मला वाटलं, आता गाढवांच्या यादीत आपलं नाव. पण ते बराच वेळ वहीच्या पुठ्ठ्यावरून बोट फिरवत बसले. "हे घर घेताना तिच्या पाटल्या मोडल्या रे," ते म्हणाले. "चारही. तिनं स्वतः काढून दिल्या, एका शब्दानं बोलली नाही. आता पडत्या भावात विकून तिला काय तोंड दाखवू?" मी वाटीतला गार चहा संपवला आणि घरी आलो.

त्याच महिन्यात साताऱ्याच्या घरमालकाचा निरोप आला, दसऱ्यापर्यंत थांबतो, मग दुसऱ्याला देतो. आणि त्याच आठवड्यात उरणकडचं एक तरुण जोडपं फ्लॅट बघून गेलं. मुलगा बंदरावर कामाला, मुलगी शाळेत शिकवणारी. दोघं दुसऱ्यांदा आले तेव्हा ताईंनी मुद्दाम मला आणि बायकोला बोलावून घेतलं होतं. मुलीनं आल्या आल्या ताईंच्या हातातला तांब्या घेतला आणि सगळ्यांना पाणी दिलं. दाजींनी घसा खाकरला. "बघू. दिवाळीनंतर या."

मुलगा हात जोडून म्हणाला, "काका, आमाला घर आवडलाय. तुमी बोललेला भाव पन कबूल हाय. आता अजून काय बघायचा?"

"कबूल आहे?" दाजींच्या डोळ्यांत ती जुनी चमक आली. "म्हणजे..."

"म्हणजे काही नाही," स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. ताई चौकटीला धरून उभ्या होत्या. "आज मी पोहे केलेले नाहीत. यापुढं करणारही नाही. मार्केट तुम्ही खूप बघितलंत, जिने मी बघितलेत. पाटल्या माझ्या होत्या ना? मग त्यांचा भाव मी ठरवते. मला त्यांच्या बदल्यात उंबरा ओलांडला की जमीन लागेल असं घर पाहिजे. बास."

दाजींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग खोक्यांकडे. तीस वर्षांच्या नोकरीत स्टोअरच्या खिडकीतून कुणी त्यांच्यावर असा आवाज चढवला नसेल. शेवटी त्यांनी वही मिटली आणि त्या मुलाला विचारलं, "टोकन आणलंय का?"

निघायच्या दिवशी सामान बांधायला काहीच वेळ लागला नाही. दाजी टेम्पोवाल्याला छाती काढून सांगत होते, "याला म्हणतात प्लॅनिंग." ताई चार खुर्च्यांवर चार वेळा बसून खाली उतरल्या. शेवटच्या खुर्चीवर त्या जरा जास्तच वेळ बसल्या आणि हे पर्स घेऊन मुकाट उभे राहिले. मार्केटचं नाव नाही.

पुढं सहा महिन्यांत कामोठ्यातले भाव चढले. चढणारच हो! दाजी कधी विकतात याचीच वाट बघत होते मेले. दर रविवारी साताऱ्याहून फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला, "काय म्हणतंय मार्केट?" मीही दर रविवारी ठोकून देतो, "पार झोपलंय हो दाजी. तुम्ही अगदी वेळेवर सुटलात." मग ते खुशीत हसतात आणि म्हणतात, "तरी मी सांगत होतो."

परवाच्या रविवारी मात्र ते हसले नाहीत. मी नेहमीचं खोटं बोलून मोकळा झालो. मग म्हणाले, "राहू दे रे. मला समोरच्या टॉवरमधल्या त्या तक्रारवाल्या बाईच भाव कळवतात. आता आमची दोस्ती आहे." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी काहीतरी पुटपुटायला लागलो तर त्यांनी मला थांबवलं.

"ऐक. आज सकाळी ती एकटी फाटकापर्यंत गेली. मी पर्स घेऊन मागं निघालो तर म्हणाली, तुम्ही बसा. दुधाची पिशवी घेऊन स्वतः परत आली." "तेव्हा कुणी विचारलं तर तू जे सांगतोस तेच सांगत जा. वेळेवर विकलं म्हणावं."

जिन्यातल्या खुर्च्या त्या जोडप्यानं हलवल्या नाहीत. मी कधी त्या इमारतीत गेलो तर दुसऱ्या मजल्यावरच्या खुर्चीत जरा टेकतो. माझेही गुडघे हल्ली कुरकुरायला लागलेत, आणि मार्केट पडलंय असं सांगायला आता शेजारी कुणी उभं नसतं.