जवाईबुवांनी पाडलेली निलगिरी

हसणार नसाल तर सांगतो. हसणार असाल तरी सांगतोच, कारण आमच्या सासुरवाडीत हे आता सगळ्यांना पाठ झालंय. दुसऱ्या कुणाकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐकलेलं बरं.

मी नाशिकला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. सासुरवाडी नामपूरजवळच्या एका खेड्यात. त्या घरात जावई म्हणजे काय चीज असते, कल्पना आहे तुम्हाला? मी एकदा सहज म्हणालो, "या भिंतीला निळा रंग बरा दिसेल." पुढच्या खेपेला भिंत निळी! चांगली दिसत नव्हती. पण तसं म्हणायची सोय नव्हती, नाहीतर परत रंगवली असती.

तर मागच्या मे महिन्यात सुट्टी लागली आणि मी एकटाच पुढे गेलो. बायको दोन दिवसांनी येणार होती. ती असती तर हा किस्सा घडलाच नसता, कारण त्या घरात मला 'गप्प बसा' म्हणणारी ती एकटीच.

सकाळी ओट्यावर खाटेवर बसून चहा घेत होतो. समोर बांधावर एक उंच निलगिरी, तिच्या मागे, डाव्या हाताला पसरलेली कांदा साठवायची चाळ. चाळ नुकतीच काठोकाठ भरलेली. आबांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, सगळा उन्हाळ कांदा तिच्यात. भाव येईपर्यंत तो तिथेच राहणार आणि घराचं पुढचं वर्ष त्याच्यावर निघणार. आणि निलगिरी कललेली! खाटेवरून बघितलं तर शेंडा थेट चाळीच्या पत्र्यावर.

"आबा," मी म्हणालो, "वादळ आलं की हे झाड चाळीवर येणार."

आबांनी झाडाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग परत झाडाकडे.

"तुमनं बरोबर शे, जवाईबुवा."

झालं! मी तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण 'बरोबर' ऐकलं की मास्तर माणसाला पुढचा धडा सुचतो. मी दुपारभर मोबाइलवर कललेली झाडं कशी पाडतात याचे व्हिडिओ बघितले. परदेशातली माणसं, डोक्यावर हेल्मेट, हातात कटर मशीन, झाड मऊ लोण्यासारखं खाली. संध्याकाळपर्यंत मला या विषयात काही शिकायचं उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी रशीदभाईंना बोलावलं. झाडं तोडण्यात केस पांढरे झालेला माणूस. त्यांनी निलगिरीला एक चक्कर मारली. मग दुसरी मारली. मग मला विचारलं, "बोला साहेब, कैसे करनेका?"

मला काय आनंद झाला! मी समजावून सांगितलं. झाडाच्या वरच्या अंगाला दोर बांधायचा. दुसरं टोक ट्रॅक्टरला. झाड डावीकडे कललंय, तर आपण उजवीकडे ओढायचं. उजवीकडे नेमकी विहीर होती, म्हणून ट्रॅक्टर उजवीकडेच पण जरा मागे, चाळीच्या पलीकडच्या रस्त्यावर लावायचा. मी शिट्टी वाजवली की रशीदभाईंनी बुंधा कापत आणायचा आणि ट्रॅक्टर हलवायचा.

रशीदभाईंनी आबांकडे बघितलं. "आबा, हे म्हणतात तसंच?"

"जवाईबुवा म्हणतीन तसं," आबा म्हणाले.

ट्रॅक्टरवर माझा मेहुणा किरण. तो एवढंच म्हणाला, "दाजी, पक्कं ना?"

"अरे, फिजिक्स आहे हे!"

व्हिडिओतल्या माणसांना हेल्मेट होतं म्हणून मीही किरणचं मोटरसायकलचं हेल्मेट घातलं. मग काच वर केली आणि शिट्टी वाजवली.

मशीन घुरघुरलं. दोर ताणला गेला. झाड कुरकुरलं, शेंडा हलला, आणि रशीदभाई "हटो, हटो!" ओरडत बाजूला पळाले. झाड डावीकडे गेलं नाही. उजवीकडेही गेलं नाही. बुंध्यावर अर्धी गिरकी घेऊन ते सरळ मागे, चाळीच्या टोकावर आडवं झालं! पत्रे उडाले, जाळी फाटली आणि कांदे वावरभर गडगडत सुटले.

दोन बलं दोन दिशांनी लागली की वस्तू मधल्या दिशेने जाते. हे मी अकरावीला अठरा वर्षं शिकवतोय. फळ्यावर इतकं स्वच्छ उदाहरण मला कधीच जमलं नव्हतं.

एक कांदा माझ्या बुटापर्यंत आला आणि थांबला. आबा चाळीकडे बघत राहिले. मग घसा खाकरून म्हणाले, "बरं व्हयनं. कांदास्ले हवा लागी."

सासूबाई दारातून म्हणाल्या, "जवाईबुवा, चहा ठेवू?"

सांगतो तुम्हाला, कुणी शिव्या दिल्या असत्या तर सोसलं असतं. या चहाने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रशीदभाईंनी मला हाताला धरून झाडाच्या बुंध्याशी नेलं. तिथून चाळ चांगली तीसएक पावलं मागे होती. झाड कललं होतं ते डावीकडच्या रिकाम्या वावराकडे. नुसतं पडलं असतं तरी ढेकळांवर पडलं असतं.

"झुकाव एका जागेवरून नाय बघायचा, साहेब," ते शांतपणे म्हणाले. "झाडाला फिरून बघायचा. खाटेवरून तर शेंडा डोंगरावर पण दिसतो."

"मग आधी का नाही बोललात?"

"मला वाटलं आबांना चाळच नवी बांधायची. त्यासाठी जावई आणला."

आबांना विचारलं. आबा म्हणाले, रशीद जाणता माणूस, तो काही बोलला नाही म्हणजे ठीकच असणार. किरण म्हणाला, आबा बोलले नाहीत म्हणून मी बोललो नाही. सगळं घर एकमेकांच्या भरवशावर गप्प, आणि त्या भरवशाच्या टोकाला हेल्मेट घातलेला मी!

मग सगळे वावरात उतरले. दबलेला कांदा वेगळा, धड कांदा वेगळा. वळवाचा पाऊस कधीही येईल म्हणून आबांची घाई चाललेली. मीही वाकून वेचत होतो. ऊन डोक्यावर आलं, पाठ मोडायला आली. पण तासाभरात मला परत सुचायला लागलं.

"आबा," मी उभा राहून म्हणालो, "हा ढीग जरा उतरता लावला ना, तर वजन..."

"तू बोलू नको," आबा वर न बघता म्हणाले. "टोपलं उचल."

किरणचा हात थांबला. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. लग्नाला सोळा वर्षं झाली होती, आणि या घरात मला कामाचा पहिला शब्द त्या दिवशी मिळाला.

मी टोपलं उचललं.