धोट्याचा प्लग

महायुद्धात पेट्रोल मिळेना, तेव्हा निपाणी-बेळगाव मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. मोटारीमागच्या भट्टीला विजेचा छोटा पंखा वारा द्यायचा. भट्टी तापल्याशिवाय इंजिन सुरू होत नसे.

एका सकाळी निपाणीच्या स्टँडवर अशी एक मोटार अडली. पंख्याच्या वायरीचा प्लग जळून फुटला होता आणि नवा कुठेच मिळत नव्हता. मालक तोच, ज्याने वर्षापूर्वी मला कामावरून काढताना उतारूंसमोर सुनावलं होतं, "मागावर बस जा, मोटारीला हात लावू नको." मी बेळगावजवळच्या शहापूरच्या विणकराचा मुलगा; आता त्याच स्टँडवर मोटारी दुरुस्त करायचो. ते बोलणं मी विसरलो नव्हतो.

आता तो म्हणाला, "अण्णा, बघ की जरा. काय घेशील?"

"आता अण्णा झालो व्हय? पैसे नकोत. ते बोलणं सगळ्यांसमोर मागं घ्या."

"आधी चालू तर कर."

मी भडकलो आणि हत्यारांची पेटी उचलून चालू लागलो. चार पावलांवर मागून आवाज आला, "चुकलं माझं, मिस्त्री." उतारू हसले. मी परत फिरलो.

मागावर आडवं सूत नेणारा वडिलांचा जुना धोटा माझ्या पेटीत असायचा. वर्षानुवर्षं तेल प्यालेलं ते लाकूड तडकत नाही. त्याचा तुकडा कापला, भोकं पाडली, फुटक्या प्लगचे पितळी खिळे त्यात घट्ट बसवले आणि वायर जोडली. पंखा फिरला, भट्टी धगधगली, इंजिन सुरू झालं.

उरलेला तुकडा मी मालकाच्या हातात ठेवला. "मागाचंच लाकूड हाय, मालक. त्यानंच मोटार चालली."