लांब चोचीची की आखूड?

आम्ही कुंभकोणमचे चार पक्षीवेडे. पक्षी दिसोत न दिसोत, रविवारच्या कॉफीपर्यंत एखादा किस्सा हमखास पदरात पडतो. त्यातले निम्मे फुलांतला मध पिणाऱ्या इवल्या शिंजिरांचे! जांभळा शिंजीर गावभर आहे. लांब चोचीचाही आहे. नर दोन्हींचे सावलीत काळेच; लांब चोचवाल्याच्या छातीवरचा तांबूस पट्टा उन्हातच दिसतो. माद्या दोन्हींकडच्या पिवळट. फरक काय तो चोचीत. आणि चोच क्षणभर स्थिर राहील तर शपथ!

*

सखारामराव आमचे म्होरके, रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर. तिरुविडैमरुदूरला एका घरासमोरच्या जास्वंदीवर दुर्बीण लावून उभे होते. घरातले आजोबा बाहेर आले, त्यांनी तमिळमध्ये चौकशी केली आणि दुर्बीण मागून घेतली. ती गल्लीतल्या शेवटच्या घरापर्यंत फिरून पाऊण तासाने परत आली. शिंजीर कधीच गेला होता.

*

दारासुरमचा सेल्वम रेशीम विणतो. त्याच्या दारात एक नर दिसला. मी म्हटलं, नुसता काळा आहे, म्हणजे जांभळाच. सेल्वमने मागावरून मान वर करून एकदाच पाहिलं आणि सांगितलं, छातीवर अरक्कू आहे. अरक्कू म्हणजे साडीच्या काठाला घालतात तो लाखेचा लाल. पक्षी उन्हात सरकला आणि पट्टा चमकला! तेव्हापासून सेल्वमसमोर आम्ही दुर्बिणी जरा लपवूनच ठेवतो.

*

मग सखारामरावांच्या व्हरांड्यातच एका मादीने कोळ्याच्या जाळ्यात घरटं केलं. चोच लांब आहे, असं मास्तर म्हणत, आम्हाला पटेना. पिल्लांना भरवायला नर आला की निकाल लागणार होता.

पण युगादी, म्हणजे पाडवा, तोंडावर आलेला. मास्तरांच्या पत्नी कमलाक्का यांच्या घरात चाळीस वर्षांत एक जाळं टिकलेलं नाही. त्यातून मुलीची होणारी सासू सणाला पहिल्यांदाच येणार होती. मास्तरांनी विनवण्या केल्या, दोनदा केरसुणी लपवली. अक्का हो म्हणाल्या नाहीत की नाही म्हणाल्या नाहीत. मास्तरांना घास गोड लागेना.

पाडव्याला आम्हीही जेवायला होतो. विहीणबाईंनी चपला काढता काढता वर पाहिलं. ऐन दारावर हातभर जाळं! सणासुदीला घर झाडलं नाही का, असं त्यांनी विचारलंच. मास्तरांनी जमिनीकडे बघितलं.

"झाडलं की," अक्का शांतपणे म्हणाल्या. "तेवढं मात्र असूं दिलं. घरांत बाळंतीण आहे."