चढावरचा धक्का

माझ्या बहिणीचा डावा हात मनगटातून पुरता वळत नाही. त्याला कारण मी आहे, आणि हे मी पाच महिने लपवून ठेवलं.

पांढुर्ण्यात माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. पूर्वी साध्या सायकली यायच्या, आता बॅटरीच्याही येतात. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, तिगावला मुला-सुनेजवळ राहते. ती दहा वर्षांची असताना तापात तिचे कान गेले. समोरच्याचे ओठ पाहून तिला बोलणं कळतं. त्यामुळे आमच्या घरात एक वाईट सवय लागली होती. तिच्याबद्दल काही बोलायचं असलं की मान वळवायची आणि तिच्यासमोरच बोलून मोकळं व्हायचं. मी ते लहानपणीच शिकलो.

शाळेचे गणवेश शिवायला ती तिगावहून पांढुर्ण्याला यायची. गुडघे दुखू लागले तेव्हा तिने बॅटरीची सायकल घेतली. "मागून हॉर्न वाजला तं समजन का तुले?" म्हणून मुलगा अडवत होता. तिने हँडलला आरसा लावला आणि यायला लागली. दोन वर्षं कुणाच्या गाडीवर मागे बसायची गरज पडली नाही.

मग एका दुपारी ती दुकानात आली. दोन-तीन गिऱ्हाइकं बसली होती.

"भाऊ, चढावर हातात धक्का लागून राहिला," ती म्हणाली. "चाकाच्या एका फेऱ्याले एक. तिगावहून निघाली तं नसते. अर्धा रस्ता झाला का सुरू होते."

तिच्या सायकलची मोटर पुढच्या चाकाच्या मधोमध, डब्यासारख्या गोल भागात होती. मी सायकल स्टँडवर घेतली, पुढचं चाक उचलून फिरवलं. गुळगुळीत फिरलं. आमच्या धंद्यात पेचकसाचं टोक मोटरला आणि मूठ कानाला लावून आत काय वाजतं ते ऐकतात. मी ऐकलं. काही नव्हतं. मोटर उघडायची म्हणजे सगळे स्क्रू काढा, आतल्या चुंबकांच्या ओढीशी झगडत ती खेचून बाहेर काढा. अर्धा दिवस जातो. मला कंटाळा आला होता.

"मोटर बरोबर आहे, ताई."

"नाही रे भाऊ. काहीतरी हालते आत."

तेव्हा मी पेचकसाची मूठ तिच्या कानाला लावली. "घे, तूच आइक!" म्हणालो. मग मान वळवून गिऱ्हाइकांना म्हणालो, "कानात ढोल वाजला तं समजत नाही, अन् बाईले मोटरीतला आवाज येऊन राहिला!"

सगळे हसले. लोक हसले की तीही हसते. तशी ती हसली. पेचकस कानाला धरून माझ्याकडे पाहत हसत राहिली.

तिने आवाज येतो असं म्हटलंच नव्हतं. धक्का लागतो म्हणाली होती.

चार दिवसांनी चढावरच पुढचं चाक जागच्या जागी अडकलं आणि ती हँडलवरून पुढे फेकली गेली. मनगटाचं हाड मोडलं. दवाखान्यात ती सगळ्यांना एकच सांगत होती, "चाक जाम झालं." भाचा म्हणत होता, "मागून ट्रक आला असन, आई घाबरली अन् ब्रेक दाबला." त्याने मला विचारलं, "मामा, तुम्हीच पाह्यली होती ना सायकल?"

"सायकलीत काहीच नव्हतं," मी म्हणालो. बोलताना मान वळवली होती.

दुसऱ्या दिवशी सायकल दुकानात आणली. मोटरची वायर सोडवून चाक हातानं अगदी हळू फिरवलं. दर फेऱ्याला एकाच जागी ते अडत होतं. उघडलं. मोटरच्या बाहेरच्या कड्याला आतून चिकटवलेल्या चुंबकांपैकी एकाचा गोंद सुटून पापुद्रे निघाले होते. चुंबक सरकून मधल्या तारांच्या गाभ्यावर घासला होता, एक कोपरा तुटून फटीत अडकला होता. मोटर तापली आणि जोर पडला की तो सरकायचा. रिकामं, थंड चाक मात्र छान फिरायचं. चढावर दहा मिनिटं मी स्वतः सायकल चालवली असती तर माझ्याही हाताला कळलं असतं.

मी कुणालाच सांगितलं नाही. भाचा म्हणाला, "मामा, आता आईले सायकल नको. खोलून टाका." मी खोलली, सगळे भाग सुटे केले. तिची बॅटरी दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या सायकलीला लावली. तुटका चुंबक तेवढा दुकानाच्या लोखंडी कपाटाला चिकटवून ठेवला. ताई घरीच बसली. शिवताना डाव्या हाताने कापड सरकेना, शिवण वाकडी जायची. कुणी आलं की भाचा सांगायचा, "आइकू येत नाही ना, म्हणून पडली." तिला ते ओठांवर दिसायचं.

भाऊबीजेला तिगावला गेलो. चुंबक खिशात होता. ओवाळताना ताट कलंडायला लागलं, सुनेनं खालून हात दिला. ताईने ताट ठेवलं आणि विचारलं, "भाऊ, तू मोटर उघडली होती ना? काय निंघालं?"

मी चुंबक काढून तिच्या हातावर ठेवला. तिने तुटक्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला.

"हा सुटला होता," मी जमिनीकडे पाहत म्हणालो.

"सायकल कुठं आहे?"

"खोलली मी."

भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही तं म्हणे, काहीच नव्हतं."

ताईने माझी हनुवटी धरली आणि चेहरा आपल्याकडे वळवला, घट्ट, लहान पोराचा धरतात तसा. "इकडं पाह्य. मले दिसलं पाह्यजे अन् या सगळ्यायले आइकू गेलं पाह्यजे. आता बोल."

"ताई, चाक जाम झालं होतं. तू खरं सांगत होती. मी लोकांसमोर तुह्यावर हसलो, अन् मंग खोटं बोललो. तुह्या कानानं नाही, माह्या आळसानं तू पडली. मले माफ कर."