सदर गृहस्थ

एकट्या पुरुषाला लॉजवाले खोली देत नाहीत, हे बायकामुलांशिवाय कधी गावाबाहेर न पडलेल्या माणसाला सांगून पटत नाही. काउंटरवरचा माणूस आधी तुमच्या मागे बघतो. मागे कुणीच नाही म्हटल्यावर "एकटेच?" असं विचारतो, आणि मग सगळ्या खोल्या भरलेल्या असतात. एकटा माणूस खोली घेतो ती जीव द्यायलाच, असा त्यांचा ठाम समज. एका भक्तनिवासातल्या कारकुनाने तर मला सरळ सांगितलं, "मिसेसना घेऊन या, लगेच देतो."

मिसेस कुठून आणू? मला पुरुष आवडतात. हे मला सोळाव्या वर्षी कळलं होतं आणि एक्केचाळिसाव्या वर्षापर्यंत मी ते कुणालाही सांगितलेलं नव्हतं. विम्याच्या ऑफिसात नोकरी, कोथरूडला दोन खोल्यांचा फ्लॅट. दिवाळीत घरी बसलो की शेजारचे लोक फराळाच्या ताटाबरोबर स्थळंही घेऊन येत, म्हणून मी प्रवासाला पळायचो. प्रवासाची हौस कसली डोंबलाची! पण पळता पळता ती लागली, हेही खरं.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. लॉजवाल्यांना कंटाळून मी त्या वर्षी आमच्याच भागातल्या एका छोट्या यात्रा कंपनीत बदामी-हंपीसाठी नाव घातलं. कंपनी म्हणजे एक बाई, त्यांचे यजमान आणि एक टेलिफोन. त्यांचा नियम असा की एकट्या पुरुषाला दुसऱ्या एकट्या पुरुषाबरोबर एका खोलीत घालायचं. मला तो नियम सोयीचा वाटला. चारचौघांत मिसळून गेलो की कोण बघतंय आपल्याकडे?

सहलीच्या पंधरा दिवस आधी कंपनीने ओळखीची सभा ठेवली. पुण्यात लोक एकमेकांना नीट पारखल्याशिवाय एका बसमध्ये बसत नाहीत. बटाटेवडे, चहा, प्रत्येकाने उभं राहून नाव आणि नोकरी सांगायची, आणि भिंतीवर खोल्यांची यादी. माझ्या नावापुढे ज्यांचं नाव होतं, ते गृहस्थ उठून बोलायला लागले.

ते अठ्ठावन्न-एकोणसाठचे असतील. पेठेतल्या एका शाळेतून नुकतेच निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक. लिंबाच्या रंगाचा, कडक इस्त्रीचा कुडता. बोलताना त्यांचे हात मनगटातून वळायचे, आवाज शेवटाला नाजूक व्हायचा, आणि या कशाचीच त्यांना काही लाज नव्हती. "बदामीचा अठरा हातांचा नटराज मी तीस वर्षं फळ्यावर काढतोय," ते म्हणाले. "आता एकदा समोर उभा राहून हात मोजतो. चुकले असतील तर विद्यार्थ्यांची माफी मागेन." बायका मनापासून हसल्या.

मागच्या रांगेतले दोन मित्र वेगळं हसले. त्यातला एक माझ्याकडे वाकून म्हणाला, "साहेब, खोलीची कडी आतून लावू नका बरं का."

मी हसलो. नुसता हसलो नाही, त्या दोघांपेक्षा मोठ्याने हसलो. जात्यातले रडतात नि सुपातले हसतात म्हणतात, पण मी सुपात आहे हे निदान मला तरी माहीत होतं. त्या गृहस्थांनी वळून पाहिलं. त्यांना माझं हसणं दिसलं, आणि तरीही चहाच्या वेळी ते आपणहून माझ्याकडे आले. "आपण दोघं एका खोलीत. मी घोरत नाही, एवढी खात्री देतो," असं म्हणून त्यांनी हात पुढे केला. मी "बघू" म्हणालो आणि वडा घ्यायला गेलो.

चोराच्या मनात चांदणं. मला दिसायला लागलं की सबंध आठवडा आम्ही दोघं शेजारी शेजारी, एका दारातून आत जाणार, एका दारातून बाहेर येणार, आणि ते मागच्या रांगेतले आधी त्यांच्याकडे बघून, मग हळूच माझ्याकडे बघणार. ते गृहस्थ मला काही करतील अशी भीती मला कधीच वाटली नाही. त्यांच्या शेजारी उभा राहिलो की मी दिसेन, ही भीती होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर मी यात्रा कंपनीत गेलो आणि बाईंना म्हणालो, "मला तसल्या माणसाबरोबर राहायचं नाही."

"तसल्या म्हणजे?"

"तुम्हाला कळतंय."

"मला काहीही कळत नाहीये," बाई म्हणाल्या. "हॉटेलात मोजून खोल्या आहेत. वेगळी खोली मिळणार नाही. तुम्ही दोघं एकत्र नाही राहिलात तर एकजण गळणार. मी आपल्या मनाने त्यांना गाळणार नाही. लेखी द्या."

तिथेच थांबायला हवं होतं. माझं नाव काढून टाका, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण लेखी म्हटल्यावर माझ्यातला कारकून सरसावून बसला. मी खिशातलं पेन काढलं आणि मार्जिन सोडून लिहिलं: "सदर गृहस्थांचे हावभाव पुरुषास शोभणारे नसून त्यांच्यासमवेत एका खोलीत वास्तव्य करणे मला सुरक्षित वाटत नाही. तरी योग्य ती व्यवस्था करावी, ही नम्र विनंती." खाली सही, तारीख. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण शाळेत वाक्यात उपयोग करा म्हणून यायची. मी तिचा उपयोग असा केला.

बाईंनी तो कागद त्यांना वाचायला दिला. त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच होतं, तक्रार ज्याच्याविरुद्ध त्याला दाखवायला नको का?

चार दिवसांनी दुपारच्या सुट्टीत ते माझ्या ऑफिसात आले. कंपनीच्या यादीत माझा पत्ता होता. मी त्यांना पटकन जिन्यात नेलं, कुणी बघू नये म्हणून. त्यांनी आवाज चढवला नाही. "तुमचं अक्षर फार सुरेख आहे," ते म्हणाले. "मी सहलीतून नाव काढून घेतलंय, तेवढं सांगायला आलो. तुम्ही निश्चिंत जा." मग जरा थांबून म्हणाले, "मलाही लॉजवाले एकट्याला खोली देत नाहीत. मला वाटलं, तुमचंही तेच असेल. माझं चुकलं असेल तर सोडून द्या."

त्यांचं चुकलं नव्हतं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला ओळखलं होतं, आणि किती जपून विचारत होतं. मी म्हणालो, "माझं लग्न ठरतंय."

"अरे वा," ते म्हणाले. "अभिनंदन." आणि कठड्याला धरून सावकाश जिना उतरून गेले.

मी सहलीला गेलो. दोन पलंगांची खोली मला एकट्याला मिळाली. बदामीला नटराजासमोर गाइड सगळ्यांना हात मोजायला सांगत होता, तेव्हा मी पायऱ्या उतरून खाली जाऊन उभा राहिलो. मला त्या नटराजाकडे बघवेना.

परत आल्यावर त्यांना शोधून माफी मागायची, असं मी ठरवलं. शाळा माहीत होती, पेठ माहीत होती, चालत गेलो असतो तरी अर्ध्या तासाचा रस्ता. पण आज जाऊ, उद्या जाऊ करत वर्षं गेली, आणि एक दिवस हिशेब केला तेव्हा ते हयात असण्याचं वय उलटून गेलं होतं. सत्यानाश झाला तो माझ्या चालढकलीने, दुसऱ्या कुणाला बोल लावायला जागा नाही.

आता मी सत्तरीला टेकलोय. कायदा बदलला, जमाना बदलला. मागच्या हिवाळ्यात आपल्यातल्या तरुण मुलामुलींच्या एका गटाने मला एका रविवारी दुपारी बोलायला बोलावलं. विषय, एकट्याने प्रवास. बहुतेक सगळे हिंजवडीत नोकरी करणारे. मी लॉजवाल्यांच्या गमती सांगितल्या, भक्तनिवासातला कारकून सांगितला, पोरं खूप हसली. "काका, त्या काळात सोलो ट्रॅव्हल? हॅट्स ऑफ," एकजण म्हणाला. मग पुढे बसलेल्या एका मुलीने विचारलं, "काका, तेव्हा इतकी वर्षं फिरलात, तर पुण्यात आपल्यासारखं दुसरं कुणीच भेटलं नाही का तुम्हाला?"

सगळे माझ्याकडे बघत होते. चांगली, प्रेमळ पोरं होती. त्यांनी मला काही केलं नसतं.

"नाही," मी म्हणालो. "कुणीच नाही."

त्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी त्या घेतल्या.