दाईची शपथ

राडोस्लावाचं स्वतःचं लेकरू महिन्याचं असतानाच दगावलं, आणि त्याच आठवड्यात गडावरून सांगावा आला. धनिणीला दूध नाही, बाळ रडून रडून निळं पडलंय. छाती दुधाने ठणकत होती, डोळ्यांतलं पाणी खळत नव्हतं. तशीच ती यासेनिक गावातून उठली, डोंगर चढली आणि गडाचीच झाली.

त्या बाळाचं नाव वुकोस्लाव. मिसरूड फुटायच्या आत बापाने त्याला हंगेरीच्या राजाकडे ओलीस ठेवलं. परत आला तो हंगेरियन बोलत, आणि माणसाची किंमत ओळखत. राजा निपुत्रिक मेला आणि दोघं गादीसाठी भांडू लागले. वुकोने आधी एकाला घोडेस्वार दिले, मग दुसऱ्याला, आणि किल्ले दोघांकडूनही घेतले. शेजारच्या सरदारांना एकेक करून गिळलं. शेवटी तो बान झाला, राजाच्या खालोखाल साऱ्या क्रोएशियाचा धनी. बिशपसुद्धा त्याच्यापुढे उभे राहत. दाई मात्र त्याला वुको म्हणे आणि बूट पुसून आत ये म्हणून दटावे.

त्या वसंतात बानाला घोड्यांसाठी यासेनिकचं वरचं कुरण हवं झालं. ते गेलं तर उन्हाळ्यात मेंढ्या चारायच्या कुठे? गावाने राजाच्या न्यायाधीशाकडे दाद मागितली. तिकडची रीत अशी, की जमिनीचा तंटा शपथेवर मिटतो. दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या माणसाने अनवाणी, कमरपट्टा सोडून, त्याच जमिनीचं ढेकूळ डोक्यावर घेऊन हद्द चालून दाखवायची. पायताण काढायचं, कारण पूर्वी कुणीतरी बुटात आपल्या अंगणातली माती भरून ‘मी माझ्या जमिनीवर उभा आहे’ अशी शपथ घेतली होती.

"माझी दाई यासेनिकचीच आहे. तीच चालेल," बान म्हणाला. "आहे मान्य?"

गावचा म्होरक्या मिरोशा मान खाली घालून हो म्हणाला. बानाच्या तोंडावर नाही कोण म्हणणार?

दुपारी बान स्वयंपाकघरात येऊन बसला. दाईने त्याच्यापुढे मेंढीचं चीज आणि जवाची भाकरी ठेवली.

"उद्या ओढ्यापर्यंत चाल. तिथे थांब, झालं. ओढ्यापलीकडचं कुरण माझं."

"हद्द ओढ्यावर नाही, वर काळ्या खडकावर आहे. त्याच्यावर कोरलेला हद्दीचा क्रूस तुझ्या माणसांनी फोडला, म्हणून काही खडक हलला नाही, वुको."

"मी तुझं दूध प्यायलोय, दाई."

"प्यायलास की. कमी पडलं होतं का?"

बान हसला नाही. "ऐकलं नाहीस तर गडाचं दार तुला बंद."

दाईने त्याच्यापुढचं ताट उचललं. "मग जेवण झालं तुझं."

सकाळी पाद्र्याने शुभवर्तमानाची पोथी पुढे धरली. दाईने कमरपट्टा सोडला, पायताण काढून मिरोशाच्या बायकोकडे दिलं, पोथीवर हात ठेवला, मनातल्या मनात मारियेचं नाव घेतलं आणि कुरणातून गवतासकट कापलेलं ढेकूळ डोक्यावर घेतलं. मिरोशाची बायको मोठ्याने म्हणाली, "गडाचं लोणी खाल्लेली जीभ. कुठे वळायची ते दिसतंच आहे."

"जिभेकडे कशाला बघतेस, बाई? आज पायांचं काम आहे."

ओढा आला. दाईने घागरा वर खोचला आणि थंड पाण्यात पाय घातला. पलीकडे बानाचा कारभारी ह्रेल्या घोडा आडवा घालून उभा होता.

"दाई, वाट चुकलीस."

"पोरपणी याच वाटेने मेंढ्या नेल्या मी. घोडा बाजूला घे. नाहीतर न्यायाधीशांना सांग, की बानाला आपलाच साक्षीदार नको झालाय."

न्यायाधीशाने बानाकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. बानाने नुसता हात हलवला, घोडा बाजूला झाला.

चढ उभा होता. मान थरथरत होती, माती डोळ्यांत जात होती, पण ढेकळाला ती दुसऱ्या कुणाला हात लावू देईना. मिरोशाची बायको मागून नुसती हात पुढे करून चालत होती. काळ्या खडकावर उभी राहून दाई म्हणाली, "इथवर यासेनिकचं. इथून वर वुकोस्लावचं. मी खोटं बोलत असेन, तर मेल्यावर या मातीने मला पोटात घेऊ नये."

"मान्य," न्यायाधीश म्हणाला.

बान घोड्यावरून जवळ आला. त्याचा चेहरा लाल झाला होता, लहानपणी दूध तोडलं तेव्हा झाला होता तसा. "आज झोपणार कुठे तू?"

"कुणीतरी कोपरा देईल. नाहीच दिला, तर हे कुरण आहे. इथून हाकलायला तुला आता गावाला विचारावं लागेल."

बानाने घोडा वळवला. दाईने ढेकूळ उतरवून जिथून कापलं होतं तिथे परत नेऊन बसवलं, पायाने दाबलं, आणि मिरोशाच्या बायकोला म्हणाली, "माझं पायताण कुठे ठेवलंस?"