होडीत पाणी भरणारा प्रयोंग

प्रयोंग होडीवाल्याची बायको लाम्चियाक वारली, तेव्हा त्या घरात दोनच जीव मागं राहिले. एक प्रयोंग आणि दुसरं रांजणातलं कासव. मूलबाळ नव्हतं. नदीवर पूल झाल्यापासून होडीत कुणी पाऊल ठेवत नव्हतं. ती घरामागं फणसाखाली पालथी पडलेली. गडी तसा मुळातच अबोल. बायको होती तोवर तिच्या बोलण्यात त्याचं भागून जायचं.

कासव तिनंच आणलेलं. आमच्याकडं घरात दुखणं शिरलं, की बाजारातून कासव घ्यायचं, पाठीवर सोनेरी रंगानं त्या माणसाचं नाव लिहायचं आणि पाण्यात सोडायचं. कासवाइतकं आयुष्य माणसाला लाभतं म्हणतात. दुखणं लाम्चियाकचं होतं, पोटात गाठ झालेली. पण बाईनं नाव लिहिलं नवऱ्याचं.

"माझं आता काय ऱ्हायलंय? हा तरी जगू दे," म्हणाली. "मला जरा बरं वाटलं, की दोघं मिळून विहाराच्या घाटावर सोडून येऊ. तवर असू दे रांजणात."

तिला बरं वाटलं नाही. एकट्यानं घाटावर जाणं प्रयोंगला जमलं नाही. कासव रांजणातच राहिलं.

दीड वर्ष त्यानं त्याचं सगळं केलं. एक दिवसाआड पाणी बदलायचा, भातखाचरातल्या गोगलगायी आणून टाकायचा आणि रांजण काठोकाठ भरून ठेवायचा. पाण्यातला जीव, त्याला पाणी कमी पडायला नको, एवढंच त्याला कळत होतं. रांजण वळचणीला, सावलीत. ऊन लागून पाणी तापायला नको म्हणून.

मग कासव एका अंगावर कलून पोहायला लागलं. गोगलगायी तशाच राहायला लागल्या. दर तिसऱ्या दिवशी गावात खायच्या गोगलगायी विकायला येणारी बुनरुआन एकदा रांजणापाशी थांबली आणि तिनं नाक मुरडलं.

"दादा, हे पवतंय का बुडतंय?"

"पवतंय की."

"डोंबल पवतंय! वास बघ कसला मारतोय." तिनं हात घालून कासव बाहेर काढलं. "हितं अंगठा दाब."

प्रयोंगनं दाबला. पाठ भिजल्या पुठ्ठ्यासारखी दबली. त्यानं चटका बसल्यागत हात मागं घेतला.

"दीड वरीस झालं, ह्याला उभ्या पाण्यात पवत ठेवलंयस," बुनरुआन म्हणाली. "तू जल्माचा होडीवाला. सांज झाली की तुला काठ लागायचा का न्हाई? मग ह्याला नको?"

"मी म्हटलं, पाण्यातलं हाय…"

"पाण्यातलं हाय, पर मासा न्हाई त्यो. शेतात कासव कुठं दिसतं तुला? बांधावर, न्हाईतर ओंडक्यावर. पाय ताणून अंग वाळवत बसतंय. अर्धं पाणी पायजे, अर्धं कोरडं. ऊन पायजे आन् सावलीबी. असंच ठेवलंस तर पावसाळ्यापतूर टिकत न्हाई."

दुसऱ्या दिवशी प्रयोंगनं होडी उताणी केली. फटीत राळ भरली. एका टोकाखाली विटा रचून ती तिरपी केली, उंच टोकाला माती टाकली, पाण्यातून मातीवर चढता येईल असा ओंडका लावला. खोलगट टोकाला पाणी, त्यावर जलपर्णी, वर झावळीची सावली. मातीचं टोक सकाळच्या उन्हाकडं. कासव निसटू नये म्हणून काठाला फळ्या ठोकल्या.

कॉफीच्या टपरीवर आम्हाला आठवडाभर दुसरा विषय नव्हता.

"जलमभर होडीतलं पाणी उपसलं, आता भरतोय!"

"म्हातारपणी उलटं सुचतं. उद्या वल्हं घेऊन परसात बसंल."

हसणाऱ्यांत मीही होतो.

कासव ओंडक्यावर चढलं, दोन गोगलगायीही खाल्ल्या. बाकीची पाठ हळूहळू घट्ट होत आली, पण सोनेरी रंगाखालचा भाग तसाच मऊ. तिथली वास मारणारी जागा उलट वाढत चालली.

"रंग खरवडायला लागंल," बुनरुआन म्हणाली. "खालचं वाळंना झालंय."

"न्हाई."

"का? नाव पुसलं की मरशील म्हणून भ्यालास व्हय?"

"मरायला कोण भितंय? आता कुणासाठी जगायचंय?" प्रयोंग म्हणाला. "तिला अक्षर येत नव्हतं गं. एवढ्यासाठी शिकली. अख्खी वही गिरवली तिनं. ती वही तिच्याबरोबर चितेवर गेली. तिच्या हातचं आता ह्या पाठीवर काय हाय तेवढंच."

बुनरुआन टोपली डोक्यावर घेताना एवढंच म्हणाली, "अक्षरं ठेवायची का कासव, तुझं तू बघ. पर लई दिस लावू नको."

चौथ्या दिवशी मी कुदळ मागायला गेलो. प्रयोंग होडीच्या काठावर बसलेला. मांडीवर ओलं फडकं, त्यावर कासव. हातात नारळाच्या करवंटीचा तुकडा. शेवटच्या अक्षरापासून खरवडायला सुरुवात केलेली. त्या अक्षरावरची मात्रा लाम्चियाकनं उलटी काढली होती, ते मला तेव्हा दिसलं. मी बघतोय हे पाहून त्यानं त्या मात्रेवरही करवंटी फिरवली. रंगाबरोबर पांढरट पापुद्रा सुटून आला. असली घाण सुटली की मी दोन पावलं मागं सरलो. तो हलला नाही.

"कुदळ कोपऱ्यात हाय," म्हणाला. "घेऊन जा."

सगळं निघायला पाच दिवस लागले. रोज थोडं खरवडायचं, टोपलीत घालून उन्हात वाळवायचं, मग होडीत सोडायचं. महिन्याभरात पाठ टणक झाली. आता तिच्यावर काहीही नाही. कुठल्याही शेतातलं वाटावं, असं कासव.

ते आता दिवस वर आला की ओंडक्यावर चढून चारी पाय ताणून बसतं. पण प्रयोंग परसाच्या दारात आला, की डुबकन् पाण्यात. तो जाईस्तोवर डोकंसुद्धा वर काढत नाही. पहिल्यांदा झालं तेव्हा त्याला वाटलं, पुन्हा आजारी पडलं.

"अरं, हीच बरं झाल्याची खूण," बुनरुआन म्हणाली. "जोर आला, म्हणून भ्यायला लागलं. उगं जवळ जाऊ नको, त्याला ऊन लागू दे."

तेव्हापासून तो सकाळी घाईनं गोगलगायी टाकतो आणि माघारी वळतो. ऊन चढलं की आत खिडकीआड, ओंडक्यावरून दिसणार नाही असा बसून असतो. भाताची ताटली मांडीवरच निवते. खोकला आला तर तोंडावर पंचा दाबून धरतो.